क्वांटमचा प्रोफेसर शोधून देणारी कंपनी: पाचात तीन तारे

बेळगावच्या आमच्या संस्थेनं बंगळूरच्या एका सर्च कंपनीला काम दिलं होतं: क्वांटम तंत्रज्ञानातला, म्हणजे अणू, प्रकाशकण यांच्या वागण्यावर बेतलेल्या तंत्रज्ञानातला, एक ज्येष्ठ प्राध्यापक शोधून द्या. माणूस मिळाला, रुजूही झाला. पाचात तीन तारे देतो. निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूरकडच्या संस्थांमधले ओळखीचे लोक हल्ली फोन करतात, "सर, एजन्सी लावावी काय?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. कंपनीचं नाव घालत नाही. या धंद्यात कामाची तऱ्हा सगळ्यांची साधारण सारखीच, त्यामुळं नावानं फार काही अडत नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मास्तर, राहायला टिळकवाडीत. "विषय कळणारा आपला एक माणूस समितीत असू दे," म्हणून मला घेतलं. बाकी समितीत चेअरमन, कुलसचिव, इंजिनीअरिंगचे डीन आणि बाहेरचे एक तज्ज्ञ.

हे खूळ आलं कुठून ते आधी सांगतो, नाहीतर सगळा दोष कंपनीच्या माथी जाईल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६००३.६५ कोटींचं, २०३०-३१ पर्यंत चालणारं. मग एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, बी.ई.च्या पोरांसाठी क्वांटमचा मायनर, म्हणजे जोडविषय, आणला. २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी क्वांटमचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि त्याच वर्षी जुलैअखेरीस बंगळूरला राज्य सरकारची क्वांटम परिषद भरली, तिथं हजार कोटींच्या मिशनची घोषणा झाली. आमचे चेअरमन त्या परिषदेला जाऊन आले आणि येताना ठरवूनच आले. "बंगळूरला क्वांटम सिटी होणार म्हणे. आपल्याकडं निदान एक सेंटर नको काय?" सेंटर म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणीच ठरवलं नव्हतं. पण सेंटरला डायरेक्टर लागतो, एवढं ठरलं होतं.

कंपनीची फी अशी: निवडलेल्या माणसाच्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगाराचा चौथा हिस्सा, वर १८ टक्के जीएसटी. हप्ते तीन. करार करताना पहिला, मुलाखतीसाठी नावं दिली की दुसरा, माणूस रुजू झाला की तिसरा. म्हणजे माणूस मिळो न मिळो, दोन हप्ते गेलेच. यूजीसीच्या श्रेणीत प्रोफेसरचं मूळ वेतन १,४४,२०० पासून सुरू होतं, सीनियर प्रोफेसरचं १,८२,२०० पासून, त्यावर भत्ते. चौथा हिस्सा किती होतो हे ज्यानं त्यानं काढावं. आमच्या कुलसचिवांनी तिथंच कॅल्क्युलेटरवर काढलं आणि पाणी मागवलं.

पहिल्या बैठकीला कंपनीच्या दोन मॅडम आणि लॅपटॉप घेतलेला एक तरुण आले. तयारी चोख होती, हे मान्य केलं पाहिजे. कुलसचिवांशी कन्नडमध्ये, माझ्याशी हिंदीत, चेअरमनांशी दोन्हीत. नॅकची श्रेणी, विद्यार्थीसंख्या, पगाराची आणि वयाची मर्यादा, कन्नड येणं आवश्यक की इष्ट, सगळं खोदून विचारलं. फक्त क्वांटममधलं काय हवंय, हे विचारलं नाही.

आता हा प्रश्न किती मोठा आहे बघा. राष्ट्रीय मिशननंच चार वाटे केलेत. क्वांटम संगणनाचं केंद्र बंगळूरच्या आयआयएस्सीत, संदेशवहनाचं आयआयटी मद्रासला, सेन्सिंग आणि मोजमापाचं आयआयटी मुंबईला, पदार्थ आणि उपकरणांचं आयआयटी दिल्लीला. यातला एक माणूस उचलून दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही. क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचं मूळ एकक; ते अतिवाहक, म्हणजे वीज अजिबात न अडवणाऱ्या, धातूचं करणाऱ्याला डायल्यूशन रेफ्रिजरेटर लागतो. तो यंत्राच्या पोटातलं तापमान शक्य तितक्या नीचांकाच्या वर जेमतेम एका केल्विनच्या (अंशाच्या) शंभराव्या भागाच्या आसपास नेतो, त्यात हेलियम-३ नावाचा दुर्मीळ वायू असतो आणि सगळं प्रकरण कोटींच्या घरात जातं. फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या कणांवर, काम करणाऱ्याला न हलणारं टेबल, लेझर, डिटेक्टर आणि अंधारी खोली द्या, तो खूश. थिअरीवाल्याला फळा, विद्यार्थी आणि कुणी त्रास न देणारी दुपार पुरते. मी हे त्याच बैठकीत सांगितलं. मॅडमनी वहीत लिहूनही घेतलं.

आठवड्याभरानं जाहिरातीचा मसुदा आला, त्यात चारही वाटे होतेच. वर एआय, सायबर सुरक्षा, पेटंटं, स्टार्टअपचा अनुभव, परदेशी विद्यापीठांशी संबंध आणि 'प्रेरणादायी नेतृत्व'. एवढं सगळं जमणारा माणूस बेळगावला येईल का हा पुढचा प्रश्न. मुळात असा माणूस अस्तित्वातच नाही. मी तो मसुदा अर्ध्यावर आणून परत पाठवला. कंपनीनं मुकाट्यानं मान्य केला. यांना विषय कळत नाही अशी शंका मला इथंच यायला हवी होती असं कुणी म्हणेल. मला ती आलीच होती, समितीतल्या बाकीच्यांना आली नाही.

पहिली यादी म्हणजे तर करमणूकच. ज्याच्या बायोडेटात 'क्वांटम' शब्द आहे तो आत. एक जण क्वांटम डॉटवाले, म्हणजे चमकणारे नॅनोकण तयार करणारे. विषय भारी, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं, पण आमच्या कामाचा नाही. एक बाई क्वांटम रसायनशास्त्रातल्या, रेणूंची गणितं संगणकावर सोडवणाऱ्या, फार हुशार. त्यांना स्वतःलाच कळेना आपल्याला इथं का बोलावलंय. एक विश्वाच्या सुरुवातीवर काम करणारे. आणि एक गृहस्थ 'क्वांटम लीडरशिप' या विषयावर कंपन्यांमध्ये कार्यशाळा घेणारे! मी यादी खाली ठेवून कुलसचिवांकडं बघितलं. ते म्हणाले, "होगली बिडी सर, जाऊ दे, दुसरी येईल की." दुसरा हप्ता मात्र याच यादीवर देय झाला होता. तो आम्ही दुसरी यादी येईपर्यंत अडवून धरला.

त्याच यादीत आणखी एक उमेदवार होता, ज्याच्या नावासमोर कंपनीनं हिरवी खूण केली होती. शेकड्यांनी शोधनिबंध, एच-इंडेक्स (निबंधांचे दाखले इतरांनी किती दिले त्यावरून काढलेला आकडा) डोळे दिपवणारा. मी संध्याकाळी घरी बसून निबंधांची शीर्षकं वाचली. आज सिमेंट, उद्या मधुमेह, परवा क्वांटम. त्यातले काही तर नियतकालिकांनी नंतर मागे घेतलेले निघाले. मागे घेतलेल्या निबंधांची रिट्रॅक्शन वॉचची यादी कुणालाही फुकट बघता येते. एवढी फी घेणाऱ्या कंपनीनं ती उघडली नव्हती. विचारल्यावर उत्तर आलं, "सर, विषयाची गुणवत्ता तपासणं समितीचं काम आहे." करारात खरंच तसं लिहिलं होतं. तुम्ही करार वाचाल तेव्हा ते कलम आधी शोधा.

एक तारा इथं गेला. आता तीन कशाचे ते.

दुसऱ्या यादीच्या वेळी त्या थोरल्या मॅडमनी डोकं चालवलं. बेळगावला कोण येईल, असा उलट विचार त्यांनी केला. बाहेर मोठ्या संस्थांमध्ये असलेले, पण बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. बेळगाव, धारवाड, कोल्हापूरला केलेले लोक त्यांनी शोधून काढले. यातल्या एकानंही आमच्या जाहिरातीला अर्ज केला नव्हता. सुखानं नोकरी करणारा माणूस जाहिराती वाचत नाही, त्याला फोन करावा लागतो. आणि तो फोन संस्थेच्या चेअरमननं केला तर तासाभरात त्या माणसाच्या विभागात बभ्रा होतो. कंपनीनं केला तर झाकली मूठ राहते. हे काम त्यांनी उत्तम केलं. परदेशातल्या उमेदवाराशी त्याच्या सोयीच्या वेळी, म्हणजे आपल्या मध्यरात्री बोलणं, कागदपत्रं गोळा करणं, दर आठवड्याला न चुकता निरोप देणं, यातलं काहीही आमच्या ऑफिसात झालं नसतं. आमच्याकडं ई-मेलला उत्तर द्यायला सुद्धा सही लागते.

दुसरं, यूजीसीचे नियम त्यांना पाठ होते. प्रोफेसरला पीएच.डी., किमान दहा शोधनिबंध, दहा वर्षांचा अनुभव, १२० संशोधन गुण आणि पीएच.डी.चा विद्यार्थी घडवल्याचा पुरावा लागतो. यादीतला एक जण आयुष्यभर उद्योगात राहिलेला, या चौकटीत बसेना. कंपनीनं लगेच सुचवलं, त्यांना प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस म्हणून घ्या. २०२२ पासून तशी सोय आहे, पंधरा वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची अट नाही, मुदत मात्र जास्तीत जास्त चार वर्षं. आमच्या डीनना ही वाट माहीत नव्हती. शेवटी त्या उमेदवारानंच नकार दिला, पण सल्ला पक्का होता.

आणि माणूस याच यादीतून मिळाला. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेले, एम.एस्सी. धारवाडला, मग बाहेरच बाहेर. काम फोटॉनवर. यापेक्षा जास्त ओळख देत नाही, त्यांना मी डॉक्टर म्हणेन.

डॉक्टर वंदे भारतनं बंगळूरहून आले. कंपनीनं त्यांचा दिवस तासातासानं आखला होता: चेअरमनांशी भेट, कॅम्पस दर्शन, जेवण, सादरीकरण, पॅनेल मुलाखत. कॅम्पस दर्शनात ऑडिटोरियम, जिम आणि नवीन गेट. डॉक्टरांनी दोन मिनिटांतच विचारलं, "सर, खोली कुठली देणार?" खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली वर्कशॉप, शेजारी जनरेटर. डॉक्टरांनी खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याची बाटली ठेवली आणि तिच्यातलं पाणी थरथरताना मला नुसतं बोटानं दाखवलं. तळमजल्यावर चालेल, म्हणाले, जनरेटरपासून लांब. पावसाळ्यात दमट किती होतं? वीज किती वेळा जाते? डिह्युमिडिफायर रात्री चालू ठेवायला माणूस आहे का? आपल्याकडचा पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल. लेन्सवर बुरशी यायला वेळ लागत नाही. यातलं एकही उत्तर कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत नव्हतं.

जेवणानंतर मी वेळापत्रक मोडून त्यांना उद्यमबागेत नेलं. कंपनीच्या मुलाचा चेहरा पडला, पण मला ठाऊक होतं मी काय करतोय. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, हायड्रॉलिकचे सुटे भाग मायक्रॉनमध्ये करणारे कारागीर आहेत. ऑप्टिकल टेबलाला पंचवीस मिलिमीटरवर एम-६ आट्यांची भोकं असतात आणि त्यावर बसवायचे खांब, पट्ट्या, आरशांचे माउंट परदेशातून मागवले तर एकेक तुकडा हजारांत जातो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं तिथं सीएनसी शॉप आहे. डॉक्टरांनी खिशातून कागद काढून माउंटचं चित्र काढलं. विद्यार्थ्यानं ते उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, "ॲल्युमिनिअममध्ये पाहिजे की स्टीलमध्ये? अॅनोडायझिंग काळं करून देतो. नमुना परवा घेऊन जावा." डॉक्टर तासभर तिथून हलेनात. त्यांच्या आत्ताच्या संस्थेत असलं काम आठवडेच्या आठवडे अडकतं म्हणे. बेळगावची ही खरी जमेची बाजू, आणि सर्च कंपनीच्या 'शहराविषयी' या पानावर कुंदा, किल्ला, गोवा तीन तासांवर, एवढंच होतं. कुंद्यासाठी कुणी नोकरी बदलत नाही.

सादरीकरणाला मी हट्टानं सेकंड इयरची पोरं बसवली. डॉक्टरांनी स्लाइड बंद केल्या आणि फळ्यावर सीएचएसएच असमानता मांडली: जोडीतल्या दोन फोटॉनांची मोजमापं एकमेकांशी किती जुळतात याचा एक आकडा काढायचा; जग आपल्या साध्या समजुतीप्रमाणं चालत असेल तर तो २ च्या वर जाणार नाही, क्वांटममध्ये तो २.८२८ पर्यंत जातो. जांभळा ४०५ नॅनोमीटरचा लेझर, एक बीबीओ स्फटिक, त्यातून ८१० नॅनोमीटरच्या फोटॉनची जोडी, दोन डिटेक्टर; हा आकडा तुम्ही स्वतःच्या हातानं मोजू शकता. मागच्या बाकावरच्या विजापूरच्या एका मुलीनं कन्नडमध्ये प्रश्न विचारला, त्यांनी कन्नडमध्येच उत्तर दिलं. मग डीनसाहेबांचा प्रश्न, तो येणारच होता: "आपल्या सेंटरमध्ये किती क्यूबिटचा कॉम्प्युटर होईल?" डॉक्टर म्हणाले, "एकही नाही, सर. क्यूबिटचं यंत्र मुंबईचं टीआयएफआर करतंय, बंगळूरच्या कंपन्या करताहेत. आपण पोरांना फोटॉन मोजायला शिकवू. पहिली तीन वर्षं तेवढंच झालं तरी पुष्कळ." डीनसाहेबांचं तोंड उतरलं. माझं मत तिथंच ठरलं.

कंपनीनं प्रत्येक उमेदवाराचं 'नेतृत्व मूल्यमापन' करून दिलं होतं, दशांश चिन्हासकट. डॉक्टरांना त्यात सगळ्यात कमी गुण. तो कागद कुणी वाचला नाही. त्याचे पैसे फीमध्येच होते म्हणून बरं.

आता दुसरा तारा कुठं गेला ते, आणि हे जरा गंभीर आहे. पगाराची बोलणी मधल्या माणसानं करावी, त्यात कडवटपणा राहत नाही, हे खरं. पण प्रयोगशाळेच्या पैशांचं काय? कंपनी आम्हाला सांगत होती, "उमेदवार लवचिक आहे, सुरुवातीला फार काही मागत नाही." तिकडं डॉक्टरांना सांगत होती, "उपकरणांच्या निधीची खात्री आहे." दोघांनाही बरं वाटेल ते. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं: मुलाकडच्यांना मुलगी सुगरण, मुलीकडच्यांना मुलाचा पुण्यात फ्लॅट. ऑफर लेटरच्या मसुद्यात पगार, नोटीस पीरियड, गोपनीयता, सगळं होतं. खोली, उपकरणं, तंत्रज्ञ, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची विद्यावृत्ती, शिकवण्याचे तास, यातली एक ओळ नाही. डॉक्टरांनी थेट मला फोन करून विचारलं तेव्हा गोम बाहेर आली. त्यानंतर मामला चांगलाच थंडावला होता. डॉक्टर नाही म्हणणार अशीच चिन्हं होती.

सुटला तो कंपनीमुळं नाही. चेअरमननी त्यांना सपत्नीक घरी जेवायला बोलावलं. मांडे, आमटी, आणि मग कोरा कागद. दोन वर्षांत उपकरणांना किती, तळमजल्यावरची खोली कधी रिकामी होणार, एक पूर्णवेळ तंत्रज्ञ, दोन संशोधक विद्यार्थ्यांचा खर्च संस्थेकडून, आठवड्याला तास किती. डॉक्टरांच्या पत्नी संगणकशास्त्र शिकवतात. त्यांच्या अर्जाचा विचार नियमाप्रमाणं, वेगळ्या समितीपुढं होईल, हेही तिथंच स्पष्ट बोललं गेलं. चेअरमन व्यवहाराला कडक माणूस, पण समोरासमोर शब्द दिला की मागं फिरत नाहीत. "क्यूबिट नाही तर नाही," म्हणाले, "पण उद्घाटनाला मंत्र्यांना दाखवायला काहीतरी उजेड पडणारं पाहिजे हं." डॉक्टर म्हणाले, "जांभळा लेझर आहे की."

तेव्हा ज्यांना विचारायचंय त्यांना: फक्त एआयसीटीईचा मायनर शिकवायचा असेल तर एजन्सी लावू नका आणि ज्येष्ठ प्रोफेसरही शोधू नका. आपलेच भौतिकीचे, इलेक्ट्रॉनिक्सचे दोन तरुण शिक्षक निवडा, एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स करायला लावा, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत क्वांटमचं आय-हब, म्हणजे केंद्र, आहे तिकडं प्रशिक्षणासाठी पाठवा. संशोधन खरोखर उभं करायचं असेल, चार वाट्यांपैकी एक ठरला असेल, खोली आणि पैसा ठरावात आला असेल, तर मात्र कंपनीची फी वाया जात नाही. बाहेर चांगल्या जागी बसलेल्या माणसापर्यंत गुपचूप पोचायची कला त्यांच्याकडं आहे. विषयाची पारख दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. आयआयएस्सी किंवा आयआयटीतल्या एखाद्या प्राध्यापकाला मानधन देऊन यादी वाचायला दिली तर खर्च फीच्या मानानं काहीच नाही.

करारात दोन बदल मागा. दुसरा हप्ता यादीवर नको, समितीनं मान्य केलेल्या यादीवर हवा. आणि बदली हमी. आमच्या करारात ती सहा महिन्यांची आहे: त्या मुदतीत माणूस सोडून गेला तर दुसरा फुकट शोधून देणार. डॉक्टर रुजू होऊन सेमिस्टर झालं, टेबल आलं, उद्यमबागेचे माउंट कधीच तयार आहेत, पण परदेशातून येणारे फोटॉन डिटेक्टर अजून पोचायचेत. म्हणजे या कामात माणूस टिकणार की नाही हे कळायच्या आतच हमी संपते. निदान वर्षाची मागा. कंपनी आधी कुरकुर करेल, मग देईल. तिसरा हप्ता आम्ही भरलाय. करार कुणाला बघायचा असेल तर कुलसचिवांकडं येऊन बघावा, झेरॉक्स मिळणार नाही.